पाव लिटरचा प्रश्न

टस्कनीतल्या एखाद्या वाइनरीत तिसरा पेला हातात येतो आणि भल्याभल्यांचा हिशेब सुटतो. समोर द्राक्षांच्या रांगा, वर स्वच्छ ऊन आणि बाटलीचा भाव मुंबईतल्या निम्म्याहून कमी. ‘सहा द्या,’ असं तोंडून निघून जातं. सहा बाटल्या घरी कशा न्यायच्या, हा प्रश्न पैसे दिल्यावर पडतो.

तो आधी पडायला हवा.

वाइन विकत घ्यायला पाच मिनिटं लागतात. ती मुंबईत आणायची तर विमान कंपनीचे नियम, कस्टम्सचे नियम आणि राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याचे नियम असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात. तिन्ही ठिकाणी मोजमाप वेगळं. आणि तिन्ही नियम कुणी एकत्र बसून वाचलेले नाहीत, हे दुसऱ्या उंबरठ्यावरच कळतं.

‘काळजी करू नका, आम्ही घरपोच पाठवतो,’ असं काउंटरवरची बाई सांगते. देशांची यादी दाखवते. जर्मनी आहे, अमेरिका आहे, जपान आहे, सिंगापूर आहे. भारत?

बहुधा नसतोच.

यात त्या बाईचा दोष नाही. भारतात रीतसर वाइन मागवायची तर आयात-निर्यात कोड हवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना हवा. बाटलीवरचं लेबल आपल्या नियमांत बसायला हवं. शिवाय बाटली ज्या राज्यात उतरणार, तिथल्या उत्पादन शुल्क खात्याची परवानगी हवी. कंटेनर भरून माल आणणाऱ्याला हे परवडतं. सहा बाटल्यांसाठी एवढी कागदपत्रं कोण करणार?

मग कुणीतरी ‘ओळखीचा’ कुरियरवाला सुचवतो. तो खोक्यावर ‘ऑलिव्ह ऑइल’ लिहून देतो म्हणे. लिहील तो, पण पार्सलवर नाव कुणाचं असतं? पकडलं गेल्यावर नोटीस कुणाच्या घरी येते?

त्याच्या नाही. तुमच्या.

समजा, सगळी कागदपत्रं जमली आणि बाटली जहाजाने रीतसर निघाली. आता कराचं गणित बघा. आपल्याकडे कस्टम्स ड्यूटी नुसत्या वाइनच्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. हजाराची बाटली, दीड हजार भाडं. विमा सोडून दिला तरी झाले अडीच हजार. त्यावर दीडशे टक्के म्हणजे पावणेचार हजार. वाइन हजाराची आणि बिल सव्वासहा हजारांचं. यातला मोठा वाटा तर भाड्याचा आणि भाड्यावरच्या कराचाच.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी मात्र यावर हसू नये. त्यांचं सरकारी टपाल खातं दारूचं पार्सल घेतच नाही. आणि २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत न्यू यॉर्क आणि मिशिगनमधल्या वाइनरी आपापल्या राज्यात घरपोच वाइन पाठवू शकत होत्या, परराज्यातल्या वाइनरींना मात्र ती सवलत नव्हती. एका देशात, एका चलनात, एका झेंड्याखाली हा भेदभाव चालत होता. दारूपुढे प्रत्येक राज्य स्वतःला वेगळा देश समजतं, हा रोग फक्त आपल्याकडचा नाही.

तर पाठवण्याचा मार्ग बंद. उरली बॅग.

हॅन्डबॅगेतून न्यायचा विचार सोडा. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि तेव्हापासून जगभरच्या विमानांत १०० मिलिलिटरचा नियम बसला. ड्यूटी फ्रीमधली बाटली सीलबंद पिशवीत असेल तर चालते, पण पिशवी फोडायची नाही आणि पावती आत दिसायला हवी. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

पुढचं नसतं.

मुंबईला उतरून नागपूरचं विमान पकडायचं असेल, तर ती सीलबंद पिशवी देशांतर्गत सुरक्षा तपासणीत कामाची नाही. कस्टम्समधून बाहेर आल्यावर बाटली चेक-इन बॅगेत टाकायला हवी. अनेक जण मोठी बॅग आधी देऊन टाकतात आणि बाटली हातात घेऊन रांगेत उभे राहतात. पॅरिसहून मुंबईपर्यंत सांभाळून आणलेली वाइन नागपूरच्या गेटाआधी टेबलावर ठेवून जावी लागते.

चेक-इन बॅगेचं काय? इथे विमान कंपन्यांचा नियम स्वच्छ आहे. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयाला धोकादायक मालाची मर्यादा लागत नाही. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी पाच लिटर. त्याहून कडक असेल तर बंदी. वाइन १२ ते १५ टक्क्यांची. म्हणजे विमानाच्या दृष्टीने वाइन हे फक्त वजन. भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलो भरते, आणि २३ किलोच्या बॅगेत डझनभर बाटल्याही बसतील.

आकाशाची हरकत नाही. हरकत जमिनीची आहे.

भारतात परतणाऱ्या प्रवाशाला करमुक्त मद्य किती? दोन लिटर. वाइन असो, व्हिस्की असो, दोन लिटर. आणि वाइनची नेहमीची बाटली? ७५० मिलिलिटर. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तीन म्हणजे सव्वादोन.

पाव लिटर जास्त!

आता जगाकडे बघा. कॅनडा दीड लिटर वाइन आणू देतो: बरोबर दोन बाटल्या. ऑस्ट्रेलिया सव्वादोन लिटर: बरोबर तीन. न्यूझीलंड साडेचार लिटर: बरोबर सहा. जपान लिटरच्या भानगडीत पडत नाही, बाटल्याच मोजतो: तीन. ब्रिटन १८ लिटर: २४ बाटल्या. भारताचे दोन लिटर म्हणजे दोन बाटल्या आणि तिसरीचा दोन तृतीयांश भाग. हे माप ठरवताना कुणी बाटली हातात घेतली होती का?

घेतली असेल तर ती व्हिस्कीची असावी. ड्यूटी फ्रीमधली व्हिस्की बहुधा लिटरच्या बाटलीत मिळते. दोन बाटल्या, दोन लिटर, नियम चपखल. व्हिस्कीवाला ग्रीन चॅनेलमधून ताठ मानेने बाहेर पडतो. वाइनवाला तिसरी बाटली घेतली तर पाव लिटरसाठी रेड चॅनेलच्या रांगेत उभा राहतो.

दोघांच्या बॅगेत अल्कोहोल किती आहे, हेही मोजा. ४० टक्क्यांची दोन लिटर व्हिस्की म्हणजे ८०० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. १३ टक्क्यांची दोन लिटर वाइन म्हणजे २६०. तिपटीहून जास्त फरक! व्हिस्कीवाल्याइतकं अल्कोहोल वाइनमधून आणायचं तर सहा लिटर, म्हणजे आठ बाटल्या आणाव्या लागतील. नियमाला हा फरक दिसत नाही. मग तो नेमकं काय रोखतो?

हा फरक इतरांना दिसतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्याला तिथे कडक दारू एक लिटर आणि त्याशिवाय चार लिटर वाइन असं माप आहे. ब्रिटनमध्ये कडक दारू चार लिटर, वाइन १८. त्यांनी दारूची ताकद मोजली. आपण बाटलीतलं पाणीही मोजतो.

नवरा-बायको एकत्र येत असतील तर गंमत नाही, चक्क अन्याय आहे. दोघांचे मिळून चार लिटर. चार लिटरमध्ये पाच बाटल्या बसतात आणि वर पाव लिटर उरतं. पण बॅगेज नियमांनुसार दोन प्रवाशांची सवलत एकत्र करता येत नाही. त्याच्या दोन, तिच्या दोन, पाचवी कुणाचीच नाही. एका घरात राहणाऱ्या, एका विमानातून आलेल्या, एका टॅक्सीतून जाणाऱ्या दोघांचे अर्धे-अर्धे लिटर वाया.

इथे कुणी म्हणेल, वाइनचा एवढा कैवार कशाला? ती तर औषधी, हृदयाला चांगली, ती दारू थोडीच आहे? हे वाक्य महाराष्ट्राने २०२२ च्या जानेवारीत पोटभर ऐकलं. सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद सुरू झाला.

हा बचाव मला मान्य नाही. वाइन दारूच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. तेव्हा वाइनला सोवळं नेसवू नका. पण दारू म्हणून मोजायची तर दारूसारखी मोजा. ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून मद्यावरचा कर अल्कोहोलच्या प्रमाणावर बसवला. जितकी कडक तितका कर. समजायला सोपं, टाळायला अवघड.

आपण कर कशावर बसवतो? किमतीवर. पाचशेच्या बाटलीवर साडेसातशे, पाच हजारांच्या बाटलीवर साडेसात हजार. दोन्हींत अल्कोहोल तेवढंच. यकृताला किंमत कळत नाही. श्रीमंताकडून जास्त कर घ्यायचा असेल तर जरूर घ्या, त्यात काही वावगं नाही. पण मग आरोग्याचं कारण पुढे करू नका.

दुसरं कारण नाशिकचं. परदेशी वाइन स्वस्त झाली तर आपल्या द्राक्षबागायतदाराचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फसफसणारी वाइन काढली. राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. या माणसांनी जिथे वाइनचा मागमूस नव्हता तिथे धंदा उभा केला. त्यांना संरक्षण हवंच.

पण कुणापासून? घाऊक आयातदारापासून की बॅगेत तिसरी बाटली आणणाऱ्यापासून?

घाऊक आयातदाराला तर सवलत मिळूनही गेली. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवरचा कर दीडशेवरून शंभर टक्क्यांवर आला आणि दहा वर्षांत पन्नासवर जाणार आहे. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर थेट ७५ टक्के, आणि दहा वर्षांत २५. कंटेनरला ही सूट मिळते, कारण त्याच्याकडे मूळ देशाचा दाखला असतो. ऑस्ट्रेलियातल्या बरोसातून स्वतः बाटली घेऊन आलेल्या माणसाकडे फक्त दुकानाची पावती असते.

हजारो बाटल्यांना दार उघडलं. एकीला नाही.

उलट प्रवाशाची तिसरी बाटली नाशिकच्या फायद्याचीच आहे. ज्याने इटलीतल्या पिडमाँटची नेबिओलो चाखली, त्याला चांगल्या-वाईटाची जाण येते. जाण आलेलं गिऱ्हाईक नाशिकच्या वाइनरीकडून साखरेची गोडी मागत नाही, चांगली वाइन मागतं. आणि चांगली मागणारं गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय कुठलाही धंदा चांगला माल का काढेल?

आता आपल्याकडे, म्हणजे प्रवाशांकडे वळू.

नियम वेडावाकडा आहे म्हणून तो मोडायचा परवाना मिळत नाही. ‘सगळेच आणतात’, ‘ग्रीन चॅनेलमधून सरळ चालायचं, कुणी बघत नाही’, ‘एक बाटली भाच्याच्या बॅगेत टाक’ असे सल्ले घरोघरी मिळतात. देणारे तेच, जे रात्री टीव्हीसमोर बसून देशातल्या भ्रष्टाचारावर तावातावाने बोलतात. पंधरा युरोची बाटली लपवणाऱ्याला पंधरा कोटी लपवणाऱ्याचा राग यावा?

आणि हो, भाच्याला विचारलंत का? बॅगेत काय आहे याची जबाबदारी त्याची आहे. पकडला तर तो जाईल.

बेफिकिरीचा आणखी एक प्रकार फार चालतो. परदेशातून दोन बाटल्या आणायच्या आणि मुंबईत उतरल्यावर आगमन कक्षातल्या ड्यूटी फ्रीमधून आणखी दोन घ्यायच्या. दुकान सरकारमान्य आहे, मग काय हरकत? हरकत ही, की दोन लिटर एकूण आहेत. तिथले आणि इथले मिळून. दुकानदार विकतो, मोजणारा पुढच्या टेबलावर बसलेला असतो.

जास्त आणलीच असेल तर रेड चॅनेल धरा. सामान जाहीर करणं कस्टम्स कायद्याच्या ७७ व्या कलमाने तुमच्यावरच सोपवलेलं आहे. पावती जवळ ठेवा, म्हणजे अधिकाऱ्याला किंमत अंदाजाने धरावी लागणार नाही. कर परवडत नसेल तर कलम ८० वाचा. जाहीर केलेली वस्तू कस्टम्सकडे ठेवून, देशाबाहेर परत जाताना ती परत मागता येते. सुट्टीला आलेल्या अनिवासी मंडळींसाठी हे अगदी सोयीचं. पण अट एकच: आधी खरं सांगितलेलं असलं पाहिजे. लपवलेली सापडली तर जप्ती आणि दंड.

विमानतळाबाहेर आलात म्हणजे सुटलात?

नाही. आता राज्य सुरू झालं. दारू हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार मद्य बाळगायला, प्यायला परवाना लागतो. किती जणांकडे तो आहे? दोन लिटरसाठी कस्टम्सशी वाद घालणाऱ्यांनी आपलं पाकीट तपासावं.

सुरतेला जायचं असेल तर विचारूच नका. मुंबई विमानतळावर कायदेशीर असलेली बाटली रेल्वेने उंबरगाव ओलांडलं की बेकायदा होते. बाटली तीच, वाइन तीच, पावती तीच. केंद्राच्या एका खात्याने सोडलं, राज्याच्या दुसऱ्या खात्याने धरलं.

हाच गुजरात दोन हजार वर्षांपूर्वी काय करत होता, ठाऊक आहे? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत बॅरिगाझा बंदरात, म्हणजे आजच्या भरूचमध्ये, उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाइन आहे. इटलीची, लाओडिसियाची आणि अरबस्तानची; पैकी पसंती इटलीच्या वाइनला. राजासाठी उंची वाइन वेगळी. याच बंदराशी पैठण आणि तेर या आपल्या बाजारपेठा जोडलेल्या होत्या, आणि नेवाशाच्या उत्खननात रोमन सुरयांचे तुकडे निघाले आहेत.

सातवाहनांच्या काळात इटलीची वाइन गोदावरीच्या खोऱ्यात पोचत होती. आज ती भरूचला उतरवली तर गुन्हा.

गोव्याचंही असंच. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा परदेश होता आणि मुंबईत दारूबंदी होती. गोव्याची बाटली मुंबईत म्हणजे सरळ सीमा ओलांडून आलेला माल. त्यानंतर गोवा देशात आला, पण सीमेवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर आजही गाड्या थांबवून बाटल्या शोधतात. देशाची सीमा पुसली तरी बाटलीची पुसली गेली नाही.

बरं, मग आणायचं काय?

जे इथे मिळतं ते आणू नका. एवढं साधं तत्त्व पाळलं तरी निम्मं ओझं कमी होईल. सिडनीहून जेकब्स क्रीक आणणारे आहेत. ती मुंबईच्या दुकानात मिळते. परदेशातून शाँदाँ आणणारे आहेत. त्याच नावाची फसफसणारी वाइन २०१३ मध्ये आपल्या दिंडोरीतून बाजारात आली. दोन लिटरची सवलत ही दुर्मीळ जागा आहे. ती सुपरमार्केटच्या मालाने भरायची?

डोकं वापरलं तर दोन लिटरमध्ये तीन बाटल्या बसतात. फ्रान्सच्या ज्युरा प्रांतात ‘व्हँ जोन’ नावाची पिवळी वाइन होते. पिंपात सहा वर्षांहून जास्त मुरते, मुरताना बरीच उडून जाते. तिची बाटलीही वेगळी, ६२० मिलिलिटरची, नाव क्लाव्हलँ. तीन क्लाव्हलँ म्हणजे १.८६ लिटर. सरळ ग्रीन चॅनेल.

हंगेरीत गेलात तर टोकाईची गोड असू वाइन अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते. नेहमीच्या दोन बाटल्या आणि ही एक: बरोबर दोन लिटर, थेंबभरही जास्त नाही. आपल्या नियमात नेमकी बसणारी बाटली बुडापेस्टला मिळते.

आणि मे महिन्यात येणार असाल तर मदेरा आणा. या पोर्तुगीज बेटाची वाइन जहाजाच्या तळघरात घालून उष्ण समुद्रांतून भारतापर्यंत यायची. उन्हाने, हिंदकळण्याने ती बिघडायच्या ऐवजी सुधारते, असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. फिरून परत आलेल्या पिंपांना जास्त भाव मिळू लागला, आणि पुढे बेटावरच ती मुद्दाम तापवून मुरवू लागले. आपल्या वाटेवरच्या उन्हात घडलेली वाइन नागपूरच्या उन्हाला कशी घाबरेल?

बाकीच्या घाबरतात. आणि लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात.

‘विमानात बूच उडेल’ ही भीती खोटी. सामानाच्या कप्प्यातही प्रवाशांच्या कक्षाइतकाच दाब ठेवतात. शॅम्पेनच्या बाटलीत आधीच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. विमानात त्यात फार तर पाव वातावरणाची भर. बाटली फुटते ती दुसऱ्या बाटलीवर आपटून. म्हणून प्रत्येक बाटली वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. कडेला बूट, मध्ये वाइन. उलटं केलंत तर सरकत्या पट्ट्यावर बॅग लाल होऊन येते.

खरा धोका विमानात नाही. घरात आहे.

दहा-बारा तासांच्या प्रवासात काही न झालेली वाइन आपण फ्रिजच्या डोक्यावर ठेवतो. तिथे दिवसरात्र ऊब आणि थरथर. किंवा त्याहून वाईट, दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये, दिव्याखाली, उभी. बूच वाळतं, हवा आत जाते, वाइन मरते. ‘खास प्रसंगासाठी ठेवलीय’ असं पाहुण्यांना सांगत राहायचं. मुलीचं लग्न होतं, मुलाला नोकरी लागते, नातवंड होतं. बाटली उघडत नाही.

जुनी झाली की चांगली होते ना? मोजक्याच होतात. जगातल्या बहुतेक वाइन चार-पाच वर्षांत पिण्यासाठी बनवलेल्या असतात. तळघर नसलेल्या, ३५ अंशांच्या घरात तर त्याहून लवकर. तेव्हा आल्यावर दोन-तीन आठवडे गार, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवा आणि उघडा. चार माणसं बोलवा. ती कुठली, कुणी केली, हे सांगा. परदेशातून बाटली आणण्याचं याहून चांगलं कारण नाही.

आता सरकारकडे परत.

मागण्या मोठ्या नाहीत. वाइनसाठी दोनाचे सव्वादोन लिटर करा, म्हणजे तीन पूर्ण बाटल्या. एका कुटुंबाची सवलत एकत्र धरा. त्यापुढच्या प्रत्येक बाटलीवर किमतीची टक्केवारी न लावता अल्कोहोलनुसार ठरीव रक्कम लावा, जी प्रवाशाने उतरण्याआधी फोनवरून भरावी आणि पावती दाखवून निघून जावं. कर भरायला सोपा केला की भरणारे वाढतात. आज जो भाच्याच्या बॅगेत हात घालतो, तो उद्या रीतसर पैसे भरेल. तिजोरीत भर पडेल, रांग कमी होईल, अधिकाऱ्याला सोन्याच्या तस्करीकडे बघायला वेळ मिळेल.

नाशिकला धक्का? नाही. आरोग्याला धोका? व्हिस्कीचे दोन लिटर चालतात तिथे वाइनच्या पाव लिटरने काय होणार?

आणि यासाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही. सर्वपक्षीय बैठक नको, समिती नको. बॅगेज नियम अधिसूचनेने होतात आणि अधिसूचनेने बदलतात. एक कागद, एक आकडा, एक सही.

अडलंय कुठे?